स्वेल, वारा, भरती: अंदाजातला आकडा किनाऱ्यावर कसा उतरतो?

लाटवाचक

सर्फिंग, कयाक किंवा नुसतं पोहण्यासाठी समुद्राचा अंदाज बघणाऱ्यांचा एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "दोन्ही दिवशी ॲपवर १.५ मीटर होतं. एका दिवशी लाटा कमरेएवढ्या, दुसऱ्या दिवशी डोक्यावरून गेल्या. अंदाज चुकला का?" बहुतेक वेळा अंदाज बरोबर असतो, आपण तो अर्धवट वाचलेला असतो. १.५ मीटर हा अंदाजाच्या नकाशावरच्या, खोल पाण्यातल्या एका चौकटीचा आकडा आहे. तिथून वाळूपर्यंत येताना लाटेचं काय होतं, ते ज्याचं त्याने आपल्या किनाऱ्यासाठी मांडायचं असतं. ते कसं मांडायचं यासाठी हा धागा.

सुरुवात उंचीपासून करतो. अंदाजातली उंची ही 'सिग्निफिकंट हाइट' असते, म्हणजे सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. सर्व लाटांची सरासरी याच्या साधारण ०.६४ पट निघते. उलट हजारभर लाटा गेल्या की त्यातली सर्वात मोठी १.८ ते १.९ पट असू शकते. पिरियड, म्हणजे लागोपाठच्या दोन माथ्यांमधला वेळ, १० सेकंद धरला तर हजार लाटा पावणेतीन तासांत येऊन जातात. म्हणजे १.५ मीटरच्या अंदाजात अडीच मीटरच्या पुढची एखादी लाट अपेक्षितच आहे. तिला अपघात समजू नका.

दुसरं, उंची एकटी कधीच वाचू नये. उंची, पिरियड आणि दिशा हे त्रिकूट, आणि तेही प्रत्येक स्वेलचं वेगळं. स्वेल म्हणजे दूरच्या वादळातून आलेल्या लाटा. ज्यांना जो भाग नीट ठाऊक आहे त्यांनी पुढे लिहावं.

उधाण

'प्रत्येक स्वेलचं वेगळं' हे ठळक करायला हवं. ॲपच्या पहिल्या पानावर दिसते ती एकूण उंची. तिच्यात दूरच्या वादळातून आलेला स्वेल आणि जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा एकत्र असतात. ही बेरीज साधी नसते, वर्गांची असते. १.५ मीटरचा स्वेल आणि २ मीटरच्या स्थानिक लाटा असतील तर २.२५ अधिक ४ म्हणजे ६.२५, त्याचं वर्गमूळ २.५. ॲप म्हणणार २.५ मीटर. १४ सेकंदांचा एकच स्वच्छ २.५ मीटरचा स्वेल असला तरी ॲप २.५ मीटरच म्हणणार. पाण्यावर या दोन दिवसांत काहीही साम्य नसतं.

त्यामुळे तपशिलाच्या पानावर जा. तिथे 'पहिला स्वेल', 'दुसरा स्वेल', 'वाऱ्याच्या लाटा' असे वेगळे रकाने असतात. नसतील तर दुसरं ॲप घ्या. यात तडजोड करू नये असं माझं ठाम मत आहे.

ध्रुवतारा

पिरियडवर लिहितो. बहुतेकांचं सर्वात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं, म्हणून थोडं सविस्तर.

खोल पाण्यात लाटेची तरंगलांबी मीटरमध्ये हवी असेल तर पिरियडचा वर्ग करून १.५६ ने गुणा. ८ सेकंदांना १०० मीटर, १२ ला २२५, १६ ला ४००. तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ जाणवायला लागतो. म्हणजे ८ सेकंदांची लाट ५० मीटर खोलीपर्यंत तळाची दखलही घेत नाही, आणि १६ सेकंदांची लाट २०० मीटर खोलीपासूनच तळाप्रमाणे वळू लागते. पुढे दिशा, बेटं, घळया यांचा जो परिणाम येईल तो सगळा या एका गोष्टीवर उभा आहे.

आता फुटताना. उथळ पाण्यात लाट मंदावते, आखूड होते आणि उंच होते. लांब पिरियडची लाट जास्त उंच होते. यासाठी कोमार आणि गॉगन या संशोधकांचं एक सोपं सूत्र आहे: खोल पाण्यातल्या उंचीचा वर्ग गुणिले पिरियड, त्या गुणाकाराचा ०.४ घात, आणि आलेल्या उत्तराला ०.६२ ने गुणायचं. किनाऱ्यावर सरळ येणाऱ्या स्वेलसाठी आकडे असे येतात:

१.५ मीटर, ७ सेकंद: फुटताना सुमारे १.९ मीटर.
१.५ मीटर, १६ सेकंद: फुटताना सुमारे २.६ मीटर.

दोन दिवसांतला निम्मा फरक इथेच सापडला. उरलेला निम्मा दिशेत आहे. शक्तीचा हिशेबही असाच आहे. लाटेच्या माथ्याच्या दर मीटर लांबीमागे किलोवॅट काढायचे तर उंचीचा वर्ग गुणिले पिरियड गुणिले ०.४९. २ मीटर, ७ सेकंदांच्या लाटांत सुमारे १४ किलोवॅट, तर १.५ मीटर, १६ सेकंदांत १७ च्या वर. उंची कमी, तरी धक्का जास्त.

सावधानता एकच. काही ठिकाणी 'पीक पिरियड' दिलेला असतो, म्हणजे सर्वाधिक ऊर्जा ज्या पिरियडला आहे तो. काही ठिकाणी सरासरी पिरियड असतो आणि तो बराच कमी भरतो, बहुधा पीकच्या ७० ते ८० टक्के. एका ॲपवर १४ आणि दुसऱ्यावर १० दिसले तर आधी कोणता पिरियड आहे ते बघा. वरच्या सूत्रात पीक घाला.

नवशिका

खूप उपयोगी. एक शंका आहे. नकाशावर दूर समुद्रात वादळ दिसतं. त्याचा स्वेल आपल्याकडे कधी पोचेल, हे ॲपशिवाय काढता येतं का?

समभार

येतं, आणि एकदा तरी हाताने काढून बघावं. ॲपवरचे आकडे त्यानंतर जास्त कळतात.

आधी वादळाकडे बघा. तीन गोष्टी मोजायच्या: वाऱ्याचा वेग, तो किती तास टिकला, आणि फेच, म्हणजे एकाच दिशेने तो पाण्यावरून सलग किती अंतर वाहिला. तिघांपैकी जी गोष्ट तोकडी पडेल तिथे लाटांची वाढ अडते. छोटं उदाहरण: १५ नॉटचा (ताशी सुमारे २८ किलोमीटर) वारा ५० किलोमीटर फेचवर सहा तास वाहिला तर साधारण ०.९ मीटरच्या, साडेचार सेकंदांच्या लाटा तयार होतात. तोच वारा आणखी दहा तास वाहिला तरी फेच तेवढाच असेल तर लाटा वाढणार नाहीत. १६-१८ सेकंदांच्या स्वेलला वादळी वारा, हजारेक किलोमीटरचा फेच आणि दिवसभराहून जास्त वेळ, हे सगळं एकत्र लागतं.

हवामान नकाशावर समभार रेषा दाटीने आणि सरळ कुठे आहेत ते शोधा. समुद्रावर पृष्ठभागाचा वारा त्या रेषांना अगदी समांतर नसतो, १० ते २० अंश कमी दाबाकडे कललेला असतो. ऊर्जेचा मोठा भाग वाऱ्याच्या दिशेच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांत जातो. त्या पट्ट्यात तुमचा किनारा नसेल तर केंद्रात कितीही मोठ्या लाटा असल्या तरी तुमच्याकडे थोडंच येईल. वादळ स्वतः तुमच्या दिशेने सरकत असेल, आणि तेही स्वेलच्या समूहवेगाच्या आसपास, तर वारा त्याच लाटांना ढकलत राहतो. अशा वेळी वादळाच्या मानाने स्वेल अनपेक्षित मोठा होतो.

आता प्रवास. एकेक लाट जितक्या वेगाने पळते त्याच्या निम्म्या वेगाने ऊर्जा, म्हणजे लाटांचा समूह, पुढे सरकतो. हिशेबाला हाच समूहवेग घ्यायचा. नॉटमध्ये तो पिरियडच्या दीडपट असतो. १६ सेकंदांना २४ नॉट, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. ३,००० किलोमीटरला ६७ तास. १२ सेकंदांच्या लाटांना तेवढ्याच अंतराला ८९ तास. लांब पिरियड आधी पोचतो, आखूड मागून येतो. अंतर जितकं जास्त तितकी ही फारकत वाढते.

याचा उलटा उपयोगही होतो. बोयावर (समुद्रात नांगरलेलं, लाटा मोजणारं तरंगतं यंत्र) १८ सेकंदांचा पीक दिसला आणि २४ तासांनी तो १५ वर आला, तर वादळ किती दूर होतं? दोन्ही पिरियडची वारंवारता काढा (१ भागिले पिरियड). फरक ०.०१११. चोवीस तासांचे ८६,४०० सेकंद भागिले ०.०१११ गुणिले ०.७८, उत्तर मीटरमध्ये. सुमारे ६,००० किलोमीटर. पडताळून बघा: १८ सेकंदांना तेवढ्या अंतराला १२० तास लागतात, १५ ला १४४. फरक बरोबर २४.

समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये याच गुणधर्मावर दक्षिण महासागरातल्या वादळांचा स्वेल न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ठाण्याठाण्यावर नोंदवला होता. दहा हजार किलोमीटरच्या वर गेल्यावरही तो ओळखू येत होता. लाटांचा पद्धतशीर अंदाज त्याच्याही आधीचा. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी स्वेर्ड्रुप आणि मंक यांनी त्याची पद्धत बसवली होती.

अंतर मोजताना सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. स्वेल बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलावरच्या सर्वात जवळच्या मार्गाने येतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. हजारो किलोमीटरच्या प्रवासात दिशेचा फरक सहज वीस-तीस अंशांचा होतो, आणि मधे कोणतं बेट आडवं येतं हेही त्या दोऱ्यावरच कळतं.

लाटवाचक

समभार, उत्तम. दिशेचा भाग मी पुढे नेतो.

पहिली गोष्ट: वाऱ्याची आणि स्वेलची दिशा 'कुठून' अशी सांगतात. २२५ अंश म्हणजे नैर्ऋत्येकडून. ॲपवरचा बाण मात्र बहुधा लाट जाते तिकडे टोक करून असतो. अंश वाचा, बाणावर विसंबू नका.

नकाशा घेऊन आपल्या किनाऱ्यावरच्या एका ठिकाणाहून खुल्या समुद्राच्या टोकाच्या रेषा काढा: एका भूशिरापासून दुसऱ्यापर्यंत, मधली बेटं वगळून. ही तुमची खिडकी. समजा ती २०० ते २८० अंश आहे. १७० अंशांवरून येणारा २ मीटरचा स्वेल ॲपवर दिसेल, पण तुमच्याकडे येईल तो भूशिराला वळसा घालून उरलेला. तो किती उरेल हे पुन्हा पिरियडवर. १६ सेकंदांचा स्वेल खोलातच तळ जाणवून बराच वळतो, ७ सेकंदांचा जवळपास सरळ निघून जातो.

खिडकीच्या आतही तिरकेपणाची किंमत मोजावी लागते. सरळ किनारा आणि सारखा उतार असेल तर सरळ येण्याच्या दिशेपासून ६० अंश तिरका येणारा स्वेल वळता वळता लांबीवर पसरतो आणि उंची साधारण ०.७ पट राहते. ध्रुवतारा यांच्या सूत्रात घालण्याआधी हा गुणक लावा. १.५ च्या जागी १.०५ घातलं की १६ सेकंदांचे २.६ मीटर सुमारे १.९ वर येतात. म्हणजे सरळ आलेल्या सात सेकंदांच्या लाटेएवढेच.

किनारा सरळ नसेल तर भूशिरावर लाटांची ऊर्जा एकवटते आणि आतल्या वळणात पसरते. पोर्तुगालच्या नाझारेला हे टोकाला गेलेलं दिसतं. तिथे खोल सागरी घळई थेट किनाऱ्याजवळ येते. घळईवरून येणारा स्वेल वेग न गमावता येतो, बाजूच्या उथळ भागावरचा मंदावतो, आणि दोघे वळून एकमेकांवर चढतात. आकाराने लहान असल्या तरी अशा जागा इतरत्रही असतात. म्हणून खोलीचा सागरी नकाशा एकदा नीट बघावाच. उलट, समोर शंभरेक किलोमीटर रुंद उथळ भूखंडमंच असेल तर लांब पिरियडचा स्वेल तळाशी घासून बरीच ऊर्जा गमावतो, आणि नुसतं सूत्र लावून काढलेली उंची जास्त येते.

खारावारा

वाऱ्याबद्दल. स्वेल ठीक असूनही वेळ फुकट जाते ती वाऱ्यामुळे, आणि अंदाज काढणारं जागतिक संगणकीय मॉडेल सर्वात कमकुवत असतं ते नेमकं किनाऱ्याच्या वाऱ्यात. कारण साधं आहे. मॉडेलची चौकट १० ते २५ किलोमीटरची. किनाऱ्यावरची चौकट अर्धी जमीन, अर्धा समुद्र. जमिनीवरची झाडं-घरं वारा अडवतात, आणि मॉडेल तो खडबडीतपणा सरासरीत पाण्यावरही लावतं. त्यात अंदाजातला वेग १० मीटर उंचीवरचा आणि सरासरीचा. झोत त्याहून बरेच जास्त असतात, त्यांचा रकाना वेगळा बघा.

निरभ्र आकाश आणि मोठ्या पट्ट्यावर शांत हवा असेल तर खारे वारे येणार असं धरूनच चाला, ॲपवर ५ नॉट दिसत असले तरी. जमीन तापली की साधारण १० ते ११ च्या सुमारास सुरू, दुपारी २ ते ४ मध्ये जोर, सूर्यास्ताकडे मंद. जोर १० ते १५ नॉट सहज. ढगाळ दिवशी जमीन तापत नाही, मग तो कमजोर किंवा गायब. जमिनीकडून मोठ्या प्रमाणावर वारा वाहत असेल तर खारा वारा उशिरा आत शिरतो, पण शिरतो तेव्हा अचानक. वारा फार जोराचा असेल तर शिरतच नाही.

रात्री आणि पहाटे मतलई वारे. हे हलके असतात, ३ ते ६ नॉट, आणि पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतात. नदीचं खोरं किनाऱ्याला मिळतं तिथे ते जास्त जाणवतात. सकाळच्या वेळेला सगळे पसंती देतात ती यासाठी.

लाटेवर परिणाम असा: जमिनीकडून येणारा वारा माथा धरून ठेवतो, लाट जरा उथळ पाण्यात जाऊन उभी फुटते. समुद्राकडून येणारा वारा माथा आधीच ढकलतो, ती खोलात आणि विस्कळीत फुटते. ७ ते १० नॉटला पांढरा फेस तुरळक दिसू लागतो, ११ च्या पुढे सगळीकडे. एवढं लक्षात ठेवलं तर वाऱ्याचा वेग डोळ्यांनीही सांगता येतो.

कयाक आणि पॅडलबोर्डवाल्यांसाठी: जमिनीकडून येणारा वारा किनाऱ्यालगत नेहमी कमी भासतो, कारण तिथे आडोसा असतो. दोनशे मीटर आत गेलं की तो पूर्ण जोरात असतो आणि बाहेर ढकलतो. १२ नॉटच्या पुढे आत जाऊच नये.

उधाण

भरतीचं थोडक्यात. लाट तिच्या उंचीच्या साधारण १.३ पट खोलीवर फुटते. २ मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात. त्यामुळे भरतीच्या चढउताराने फुटण्याची जागाच बदलते. दिवसात दोन भरत्या असणाऱ्या किनाऱ्यावर सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ या प्रमाणात चढतं. तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी येतं किंवा जातं. उधाणाच्या भरतीला हा फरक मोठा, भांगाच्या भरतीला लहान. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास एखादी जागा दोन तासही एकसारखी राहत नाही.

तळाचा उतार ठरवतो की लाट हळूहळू ढासळेल की नळीसारखी कोसळेल. मंद उतार आणि आखूड पिरियड असेल तर ढासळते. तीव्र उतार, लांब पिरियड असेल तर कोसळते. एकाच किनाऱ्यावर भरतीला पाणी वरच्या तीव्र उतारावर असतं आणि ओहोटीला खालच्या सपाट भागावर, म्हणून एकाच दिवसात दोन्ही प्रकार दिसतात.

नवशिका

तीन ॲप्स तीन आकडे देतात. कोणावर विश्वास ठेवायचा?

ध्रुवतारा

आधी बघा की ती खरंच तीन आहेत का. बरीच ॲप्स एकाच मॉडेलवर रंग चढवून दाखवतात. मुख्य स्रोत दोन: अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेचं वेव्हवॉच-३ हे लाटांचं मॉडेल, जे २०२१ पासून जीएफएस या हवामान मॉडेलला जोडलेलं आहे, आणि ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपीय हवामान-अंदाज केंद्राचं मॉडेल. ॲपच्या माहितीच्या पानावर नाव असतं. एक ॲप नोआचं आणि एक युरोपीय, असे दोनच ठेवा. दोघे जुळले तर विश्वास वाढवा. जुळले नाहीत तर मधला आकडा काढत बसू नका. वादळाची जागा किंवा वेग कुणाचा वेगळा आहे ते शोधा.

जीएफएस दिवसातून चार वेळा चालतं: ००, ०६, १२, १८ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). निकाल साडेतीन ते पाच तासांनी हाती येतो. यूटीसी आणि स्थानिक वेळेत घोळ झाला तर भरतीसकट सगळाच हिशेब सरकतो. मॉडेलच्या सलग तीन-चार धावांत तोच स्वेल त्याच वेळेला दिसत राहिला तर तो धरायला हरकत नाही. प्रत्येक धावेत अर्धा दिवस पुढेमागे होत असेल तर वादळ अजून तयार व्हायचं आहे. वादळ होऊन गेल्यावर स्वेलचा अंदाज पाच दिवस आधीही चांगला असतो, पण त्याच पाचव्या दिवसाच्या वाऱ्यावर काहीही बेतू नये. दोघांचा भरवसा वेगवेगळा मोजा.

आणि शेवटच्या चोवीस तासांत मॉडेल सोडून बोयाकडे वळा. बोया साधारण २० ते ३० मिनिटांच्या नोंदीतून उंची काढतो, म्हणून एका वाचनातली वीसेक सेंटिमीटरची उडी दुर्लक्षा, तीन-चार वाचनांचा कल बघा. बोया १०० किलोमीटर बाहेर असेल तर १५ सेकंदांचा स्वेल तिथून तुमच्यापर्यंत सुमारे २ तास २० मिनिटांत येतो. मॉडेलने त्या वेळेला बोयापाशी १.८ मीटर सांगितलं होतं आणि बोया १.४ दाखवतोय, तर पुढच्या काही तासांचा अंदाजही त्याच प्रमाणात खाली आणा.

समभार

बोयावर आणखी एक गोष्ट बघा, जिवाशी संबंधित आहे. नव्या मोठ्या स्वेलचे पुढचे दूत आधी येतात: २० सेकंदांच्या आसपास पिरियड, उंची फक्त वीस-तीस सेंटिमीटर. एकूण उंचीत ते दिसतच नाहीत, कारण १ मीटर आणि ०.३ मीटरची वर्गबेरीज १.०४ च होते. वर्णपटाच्या आलेखावर (कोणत्या पिरियडला किती ऊर्जा ते दाखवणाऱ्या) मात्र डाव्या कोपऱ्यात छोटा उंचवटा दिसतो. तो दिसला की पुढच्या अर्ध्या ते एका दिवसात समुद्र बदलणार.

अशा स्वेलच्या लाटा टोळीने येतात. दोन टोळ्यांमध्ये पंधरा-वीस मिनिटं किनारा शांत वाटू शकतो. पाच मिनिटं बघून पाण्यात उतरणारा नेमका या शांततेला फसतो. खडकांवर उभं राहणारे तर जास्तच. पाण्यात उतरण्याआधी किमान वीस मिनिटं बघा. आणि मोठी टोळी फुटून गेली की किनाऱ्यालगत साचलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून बाहेर धावतं, तोच रिप करंट. लाटा न फुटणारा तो गडद, सोपा दिसणारा पट्टा पोहण्यासाठी निवडू नका. त्यात सापडलात तर उलट पोहू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका.

नवशिका

हे सगळं आपल्या किनाऱ्याला लागू करायला वहीत काय नोंदवावं?

लाटवाचक

एका ओळीत मावेल एवढंच: वेळ, प्रत्येक स्वेलची उंची-पिरियड-दिशा (अंदाजातली आणि बोयावरची वेगळी), भरतीची पातळी मीटरमध्ये, वारा, आणि फुटताना दिसलेली उंची. उंची लाटेच्या पुढच्या बाजूने, खालच्या पाण्यापासून माथ्यापर्यंत मोजा. हवाईत ती मागच्या बाजूने मोजायची पद्धत आहे आणि तो आकडा जवळपास निम्मा येतो, त्यामुळे इतरांच्या नोंदी घेताना पद्धत विचारून घ्या.

मग सूत्राने काढलेली उंची आणि दिसलेली उंची यांचं गुणोत्तर दिशेनुसार मांडा, दर १० अंशांचा एक गट करून. एखाद्या गटात गुणोत्तर सतत ०.५ येत असेल तर त्या दिशेला बेट किंवा भूशीर आडवं आहे. १.३ येत असेल तर तळ ऊर्जा एकवटतोय. पिरियड १२ च्या वर आणि खाली असे दोन संच वेगळे ठेवा, कारण वळणं दोघांची सारखी नसतात. वाळूच्या किनाऱ्यावर मोठ्या वादळानंतर पाण्याखालचे उंचवटे जागा बदलतात. त्यानंतरच्या नोंदी नव्या पानावर सुरू करा, जुन्यांत मिसळू नका.